उष्णतेचंच असंल

मे महिन्यात नागपुरात कोणत्याही दुखण्याला
एकच नाव असतं.
डोकं धरलं, उष्णता.
नाकातून रक्त आलं, उष्णता.
दोन भाऊ दुकानाच्या वाटणीवरून बोलायचे थांबले,
तरी शेजारी म्हणतात, ऊनच तसं आहे बाप्पा.

माझ्या मानेवर, कॉलर घासते तिथं,
ज्वारीच्या दाण्याएवढं काही उठलं
तेव्हा मीही तेच म्हणालो.
टिमकीत कूलर दुरुस्तीचं दुकान आमचं, सीझन भरात.
जुन्या ताट्या सोलायच्या, नव्या भरायच्या,
लोखंडी सांगाडा पाठीवर घेऊन तीन जिने चढायचे.
सांगाडा टेकतो तो नेमका तिथंच.

चौथ्या दिवशी बोराएवढं झालं.
कुंदानं कणकेची पोटीस बांधली, हळद घालून.
सोनकुसरे काकूंनी भाजलेला कांदा पाठवला.
धनराज म्हणाला, "काहून सोसून राहिला गा?
सुई तापवतो अन् फोडून टाकतो, दोन मिनिटाचं काम."
धनराज कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करतो,
हाताला सफाई आहे.
मी मान पुढे केलीही होती,
तेवढ्यात महालातून फोन आला,
पंप बंद पडला, घरात तान्हं लेकरू.
त्या लेकराला मी अजून पाहिलेलं नाही.
त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

आठव्या संध्याकाळी गल्ली घामानं निथळत होती
आणि मला हुडहुडी भरली.
सेहेचाळीस अंशांत मी कूलरसमोरून उठलो
आणि गोधडी मागितली.
कुंदानं काही विचारलं नाही.
मोबाईलचा टॉर्च मानेवर धरला,
बराच वेळ धरला.
"लाल रेघ निघाली आहे," ती म्हणाली,
"कानाकडे चालली.
ऊन अशी रेघ नाही मारत."

रात्रीच ऑटो करून दवाखाना गाठला.
डॉक्टर गेडामबाई हात धुता धुता म्हणाल्या,
"पहिलंच करट का?"
मी म्हटलं, हो.
कुंदा म्हणाली, "फेब्रुवारीत काखेत. होळीला मांडीवर.
हे तिसरं."
गिऱ्हाइकांची उधारी मला तोंडपाठ असते,
हे मोजलंच नव्हतं.

"तहान लागते खूप?"
मी हसलो. मॅडम, मे आहे. नागपूर आहे.
"रात्री लघवीला किती वेळा उठता?"
तिथं माझं हसू संपलं.

बधिर करून त्यांनी चीर दिली.
किती निघालं ते सांगत नाही, जेवायच्या वेळा असतात लोकांच्या.
चीर आठवतही नाही मला.
आठवते ती बोटावरची टाचणी,
आणि ते इवलं यंत्र, पाचपासून उलटं मोजणारं.
तीनशे बारा.

"ताप आला की थांबायचं नाही," बाई लिहिता लिहिता बोलत होत्या,
"रेघ दिसली की थांबायचं नाही.
नाकाओठाजवळ उठलं तर दाबायचं तर नाहीच,
दाण्याएवढं असतानाच यायचं.
आणि पुन्हापुन्हा उठत असेल
तर ते कातडीचं दुखणं समजू नका."

तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच ऐकवत आलो:
मोटार उन्हानं नाही जळत, काका.
आत काही अडकलेलं असतं.
आधी आवाज बदलतो.
तेव्हाच आणायला पाहिजे होती.

आता सकाळी गोळी, चहा फिका,
आणि मानेवर आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग.
सांगाडा पोरगा उचलतो.

रविवारी धनराज आला, स्टुलावर बसला,
इकडंतिकडं पाहून लुंगी गुडघ्यावर घेतली.
"पाह्य बरं. उष्णतेचंच असंल नं?"
मी टॉर्च काढला.
"कितवं आहे रे हे?"
"पहिलंच," तो म्हणाला.
मग बोटं मोडून मोजू लागला,
आणि मोजतच राहिला.